दाराआधी खिडक्या : साथीच्या काळात मंडळी पुन्हा एकत्र जमवताना

२२ मार्च २०२०, कोरोनाच्या साथीतला जनता कर्फ्यूचा रविवार. त्या दिवशी आमच्या चर्चच्या दाराला कुलूप लागलं, ते पुढचे पस्तीस रविवार निघालं नाही. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, राज्य सरकारने प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी दिली आणि २२ नोव्हेंबरच्या रविवारी आम्ही पुन्हा बाकांवर बसलो. पुढे ४ एप्रिल २०२१ला, नेमक्या ईस्टरच्या दिवशी, नवे निर्बंध जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पुन्हा कुलूप. ते थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडलं. त्यात आणखी सव्वीस रविवार गेले.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायात, पंच (चर्चच्या कारभारी समितीची सदस्य) म्हणून काम करते. आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, त्यामुळे चर्च उघडताना पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) नियोजनाची वही माझ्याकडे दिली. दोन वेळा उघडताना काय केलं, कुठे चुकलो, दुसऱ्या वेळी काय बदललं, हे त्या वहीत आहे. साथ पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही, पण श्वासावाटे पसरणारा आजार आला तर मंडळीच्या हाताशी काहीतरी लिहिलेलं असावं म्हणून हे सविस्तर मांडते आहे. (पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणाऱ्या साथीला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे वेगळा विचार करावा लागतो.)

आधी कोण येऊ शकणार नाही ते मोजा

उघडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती लोक बसतील? आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. दुसऱ्या वेळी उलटीकडून सुरुवात केली आणि नियोजन कितीतरी सोपं झालं.

मंडळीच्या नावांची यादी घ्या आणि घरोघरी फोन करा. पासष्टच्या पुढचे कोण, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा डायलिसिस असलेले कोण, गरोदर कोण, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणाच्या आहे, हे लिहून काढा. ४ जून २०२०च्या केंद्र सरकारच्या नियमावलीतही पासष्टच्या पुढच्यांनी, जुने आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं असा सल्ला होता. आमच्या मंडळीत ऐंशी कुटुंबं. त्यांपैकी जवळपास प्रत्येक तिसऱ्या घरात असं एखादं माणूस निघालं. याचा अर्थ असा की जे तरुण, धडधाकट लोक उपासनेला येणार, ते परत जाणार याच माणसांकडे. बाकावरचा बंदोबस्त घरातल्या आजीसाठी करायचा असतो, हे एकदा समितीच्या मनात बसलं की पुढची भांडणं कमी होतात.

समिती लहान ठेवा, सहा-सात जणांची. पाळक, सेक्रेटरी, आरोग्यसेवेतलं एखादं माणूस, तरुण संघाचा आणि महिला मंडळाचा एकेक जण, घरीच राहावं लागणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक जण फोनवर, आणि चर्चची झाडलोट करणारी व्यक्ती. शेवटचं नाव विसरू नका. दोन उपासनांमध्ये बाकं पुसायला किती वेळ लागतो ते फक्त तिलाच माहीत असतं. आमच्याकडे पहिल्या बैठकीत आम्ही पंधरा मिनिटं धरली होती. आमच्या ताईंनी शांतपणे सांगितलं, "पाऊण तास लागंल, आन् हातमोजे लागतील." तेच खरं निघालं.

उघडायचं कधी, आणि पुन्हा बंद कधी करायचं

सरकारी परवानगी ही खालची मर्यादा समजा. परवानगी नाही म्हणजे उघडायचं नाहीच. पण परवानगी मिळाली म्हणून त्याच रविवारी उघडलं पाहिजे असंही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा: तालुक्यात रुग्ण वाढताहेत की उतरताहेत, चाचण्यांत शंभरातले किती पॉझिटिव्ह येताहेत, ऑक्सिजनची खाट मिळते का. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मे महिन्यात एक ढोबळ निकष दिला होता: पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण सलग दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असावं. लहान गावात चाचण्याच कमी होतात, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका. गावातला दवाखाना चालवणारा डॉक्टर तापाचे रुग्ण वाढले की आठवडाभर आधी सांगू शकतो.

बंद करण्याचा निर्णय मात्र उघडण्याआधीच लिहून ठेवा. "तालुक्यातल्या दवाखान्यात खाट मिळेनाशी झाली, किंवा आपल्या मंडळीत एका आठवड्यात दोन वेगवेगळ्या घरांत रुग्ण निघाले, तर पुढचे दोन रविवार प्रत्यक्ष उपासना होणार नाही." असं एक वाक्य, खाली सगळ्यांच्या सह्या. वेळ येते तेव्हा नाताळ तोंडावर असतो, कोणाचा बाप्तिस्मा ठरलेला असतो, आणि मग नाही म्हणण्याचं ओझं एकट्या पाळकावर पडतं. कागद असला की ते पडत नाही.

बंद राहिलेली इमारत

हे काम दोन आठवडे आधी सुरू करा. आठ महिने बंद असलेल्या इमारतीत काय काय होतं ते आम्ही पाहिलं. कौलांखाली मधमाश्यांचं पोळं, झरोक्यांत कबुतरं, बाकांच्या खाली वाळवीची माती, आणि पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला. पोळं काढायला माहितगार माणूस बोलवा, धूर करून स्वतः प्रयोग करू नका. पाण्याची टाकी रिकामी करून घासा आणि सगळे नळ दहा मिनिटं वाहू द्या. वायरिंग, पंखे, इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घ्या. पक्ष्यांची विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा आणि नाकाला फडकं किंवा मास्क लावा.

खिडक्या

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिल्या वेळी सगळ्यात मोठी चूक आम्ही इथेच केली.

नोव्हेंबर २०२०मध्ये आमचा सगळा पैसा आणि सगळी माणसं पुसण्यात खर्ची पडली. सॅनिटायझरचे कॅन, फवारणीचा पंप, पायाने दाबायचा स्टँड. पण त्या दिवसांत सकाळी साडेसातला नगरकडे थंडी असते, आणि उघडल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी कोणीतरी मायेने खिडक्या लावून घेतल्या, म्हाताऱ्यांना गारठा लागू नये म्हणून. त्यापेक्षा वाईट म्हणजे वाद्यं वाजवणारी मुलं शनिवारी संध्याकाळी मागच्या छोट्या खोलीत दार लावून सराव करत होती. त्यांच्यातले चार जण एकाच आठवड्यात आजारी पडले. देवाच्या दयेने चौघेही बरे झाले. चर्चच्या बाकांवरून कोणाला काही झाल्याचं आम्हाला आढळलं नाही. ती खोली मात्र मी विसरू शकत नाही.

मला हे कळायला हवं होतं. क्षयरोगाच्या वॉर्डात शिकताना पहिला धडा खिडक्यांचा असतो. जुन्या सॅनेटोरियमना ते रुंद व्हरांडे आणि छतापर्यंतच्या खिडक्या शोभेसाठी ठेवलेल्या नव्हत्या. कोरोनाचंही तेच होतं: बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि कोंदट जागेत हवेत तरंगत राहतात. लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो, म्हणजे ज्याला आपल्याला काही झालंय हे माहीतच नाही असा माणूस शेजारी बसलेला असू शकतो.

तर काम असं करा.

एका दुपारी चर्चमधल्या सगळ्या खिडक्या, झरोके आणि दारं उघडा. रंगाने चिकटलेल्या खिडक्यांना सुताराकडून मोकळं करून घ्या. झरोक्यांवर कबुतरांसाठी पत्रा ठोकला असेल तर तो काढून जाळी लावा. मग पंखे बंद ठेवून एक उदबत्ती पेटवा आणि बाकाबाकावर नेऊन धूर कुठे जातो ते पाहा. धूर सरळ एका बाजूला वाहत गेला तर तिथे वारा आहे. वर जाऊन घुटमळला तर ती जागा कोंडलेली. खडूने जमिनीवर खुणा करा. आमच्याकडे वेदीजवळचा डावा कोपरा आणि माळ्याखालची शेवटची तीन बाकं कोंडलेली निघाली. तिथे आम्ही कोणालाच बसवलं नाही.

छताचे पंखे हवा फक्त ढवळतात, बाहेर काढत नाहीत. त्यासाठी वारा ज्या बाजूने बाहेर पडतो त्या बाजूच्या खिडकीत उभा पंखा बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे समोरच्या खिडक्यांतून ताजी हवा आत ओढली जाईल. आमच्याकडे असे दोन पंखे पुरले. ते लावल्यावर उदबत्तीची परीक्षा पुन्हा घ्या. उपासनेच्या अर्धा तास आधी सगळं उघडा आणि उपासना संपल्यावर अर्धा तास उघडंच ठेवा. थंडीसाठी लोकांना शाल आणायला सांगा. खिडकी लावायची नाही.

शहरातल्या मंडळ्यांची अडचण वेगळी असते. भाड्याचा हॉल, खिडक्या सीलबंद, वर एसी. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. अशा हॉलला उघडण्याजोगी खिडकीच नसेल तर, माझं स्पष्ट मत, तिथे जमू नका. शाळेचं मैदान, इमारतीची गच्ची, ओळखीच्या मंडळीचं आवार शोधा. जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणा. मोकळ्या हवेत ते चारशेच्या थोडं वर दाखवतं. लोक बसल्यावर आठशेच्या आत राहिलं तर हवा खेळती आहे. हजाराच्या वर गेलं तर माणसं कमी करा किंवा बाहेर चला.

बाहेर बसणं हा सगळ्यात उत्तम मार्ग आहे. आपल्याकडे ते नवं नाही. १८९६च्या प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस मुंबईतल्या जुन्या गावठाणांत आजही आहेत, आणि त्यांच्यापाशी लोक उघड्यावर प्रार्थना करत आले आहेत. आवारात लिंबाचं झाड असेल तर त्याखाली खुर्च्या मांडा. मांडव घातला तर फक्त वरचं कापड ठेवा. चारी बाजूंनी कनाती लावलेला मांडव म्हणजे हॉलच. पावसाळ्यासाठी व्हरांड्याला उतरती ताडपत्री बांधून घ्या आणि बाजू मोकळ्या सोडा.

बाकं आणि पाळ्या

आमचं चर्च साठ फूट लांब, तीस फूट रुंद. दोन रांगांत बारा-बारा बाकं, प्रत्येक बाक नऊ फुटांचा, एरवी पाच जण सहज बसतात, म्हणजे एकशे वीस माणसं. एक सोडून एक बाक धरला की उरले बारा. डावीकडे पहिला, तिसरा, पाचवा धरला तर उजवीकडे दुसरा, चौथा, सहावा धरा, म्हणजे मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं शेजारी येत नाहीत. एका बाकावर एका घरातले चौघांपर्यंत, नाहीतर वेगवेगळ्या घरांतले दोघे दोन टोकांना. सहा बाकांवर कुटुंबं आणि सहांवर दोघे-दोघे धरले तर छत्तीस. कोंडलेल्या जागा वगळल्यावर आमचा आकडा तीसवर आला. एकशे वीसच्या जागी तीस ऐकून पंचांची तोंडं उतरली होती. पण आकडा मोजून काढलेला होता, त्यामुळे वाद झाला नाही. बाहेर लिंबाखाली लाउडस्पीकर लावून आणखी चाळीस खुर्च्या मांडल्या.

पाळ्या कशा लावायच्या? आडनावाच्या अक्षराने लावू नका. गल्ली किंवा वस्तीप्रमाणे लावा. जी घरं एरवीही एकाच नळावर, एकाच दुकानावर भेटतात, ती एकत्र आली तर नवा संपर्क फारसा वाढत नाही. आम्ही रविवारी दोन उपासना ठेवल्या, साडेसात आणि साडेनऊ, मध्ये सव्वा तासाचं अंतर. फोनवर नाव नोंदवण्याची जबाबदारी महिला मंडळाच्या दोघींनी घेतली. स्मार्टफोनवरच्या फॉर्मने निम्मी मंडळी वगळली जाते, हे लक्षात ठेवा.

पहिल्या खऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी दहा जणांना घेऊन रंगीत तालीम करा. दारातून आत, बाकावर, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला), बाहेर. आमच्या तालमीत कळलं की आत येणारे आणि बाहेर पडणारे एकाच दारात एकमेकांवर आदळतात. बाजूचं दार वर्षानुवर्षं बंद होतं, ते उघडलं.

उपासना पाऊण तासाची, आणि गाण्याचा प्रश्न

कोंदट हवेत जितका वेळ बसाल तितका धोका वाढतो. दीड तासाची उपासना पंचेचाळीस मिनिटांवर आणा. एक शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा), एक स्तोत्र, पंधरा मिनिटांचा संदेश, मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थना, आशीर्वाद. जाहिराती (मंडळीच्या सूचना) फोनवर पाठवा. पाळकसाहेबांनी बोलतानाही मास्क ठेवावा. दहा-बारा फूट अंतर आणि मागे उघडी खिडकी असेल तर काढला तरी चालेल, असा तोडगा आम्ही नंतर काढला. माइक एकाचाच. शास्त्र वाचणाऱ्याला दुसरा द्या किंवा माइकला बदलायचं कापडी कव्हर घाला.

गाण्याबद्दल बोलताना आजही जीव तुटतो. मराठी मंडळी गाण्यावर जगते. कवी नारायण वामन टिळकांची भजनं, पेटी-तबला, टाळ, सगळ्यांचा एक सूर. त्याशिवायची उपासना म्हणजे काय, असं एका आजोबांनी मला विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ही गोष्टही तितकीच खरी आहे: १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन इथे एका गायकवृंदाने अडीच तास सराव केला. एकसष्ट जण आले होते, त्यांत लक्षणं असलेला एकच. पुढे त्या एकासकट खात्रीचे आणि संभाव्य मिळून त्रेपन्न जण आजारी पडले, दोघे मृत्यू पावले. तो सराव एका चर्चमध्येच होता. केंद्राच्या नियमावलीनेही गायकवृंदाला मनाई करून ध्वनिमुद्रित भक्तिगीतं लावायला सांगितलं होतं.

आम्ही टप्प्याटप्प्याने असं केलं. आत असताना कोणी गायचं नाही. पेटीवर गाण्याची चाल वाजायची, तबला असायचा, लोक मनात शब्द म्हणायचे आणि ठेका टाळ्यांनी धरायचे. पेटी, तबला, टाळ यांना फुंकर लागत नाही, बासरी आणि क्लॅरिनेट मात्र ठेवू नका. दर आठवड्याला एकच जण, बाजूच्या दाराबाहेर उभा राहून, माइकवर एक गाणं म्हणायचा. मग आशीर्वाद झाला की सगळे शांतपणे आवारात यायचे, हातभर नव्हे तर पाच-सहा हात अंतरावर उभे राहायचे आणि मास्क लावून दोन कडवी म्हणायचे. पहिल्या रविवारी दुसऱ्या कडव्याला बऱ्याच जणांचा आवाज फुटला नाही. त्या आजोबांना मी फोन धरून ते ऐकवलं.

प्रभुभोजन

मंडळ्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत, म्हणून आपल्या बिशपांच्या किंवा वरिष्ठ पाळकांच्या सूचना आधी पाहा. एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावणं साथ असेपर्यंत थांबवावं. छोटे पेले वापरत असाल तर मास्क लावलेल्या, हात धुतलेल्या एकाच व्यक्तीने ते भरावेत, भाकरीचे तुकडे आधीच कापून झाकून ठेवावेत. तबक हातोहात फिरवू नका. पेला आणि तुकडा प्रत्येकाच्या जागेवर आधी ठेवा, नाहीतर एकेका बाकाने पुढे येऊन टेबलावरून स्वतः उचलावा. देण्याचे शब्द पाळकाने एकदाच, सगळ्यांसाठी, दुरून म्हणावेत. हातावर तुकडा ठेवताना तोंडासमोर तोंड आणून बोलणं टाळायचं, एवढाच त्यामागचा हेतू. घेताना मास्क काढावा, लगेच परत लावावा.

वसईकडच्या किंवा मुंबईतल्या कॅथलिक धर्मग्रामांसाठी (त्यांच्या मंडळ्यांसाठी): ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, जिभेवर न देता हातावर, दाराशी असलेलं पवित्र पाण्याचं कुंड रिकामं, शांतीच्या अभिवादनाला हात जोडून नमस्कार, आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रुसाचं चुंबन न घेता दुरून मस्तक नमवणं.

दारावर

दारावर दोन स्वयंसेवक, शक्यतो तरुण. साबण आणि पाणी हे सॅनिटायझरइतकंच चांगलं, आणि स्वस्त. आवारातल्या नळापाशी साबण ठेवा. सॅनिटायझर लावलाच तर हात पूर्ण वाळल्याशिवाय मेणबत्तीजवळ जाऊ देऊ नका. त्यात बहुतेक मद्यार्क असतो आणि तो क्षणात पेटतो. नाताळच्या मेणबत्तीच्या उपासनेला आम्ही म्हणूनच बॅटरीचे दिवे वापरले.

ताप मोजणाऱ्या बंदुकीवर फार विसंबू नका. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, आणि लागण झालेल्या कितीतरी जणांना ताप नसतोच. त्यापेक्षा विचारा, "घरात कोणाला सर्दी, खोकला, ताप, वास न येणं असं काही आहे का?" आणि हो म्हणणाऱ्याला खजील होऊ न देता घरी पाठवा, संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन जाईल असं सांगा. जादा मास्क ठेवा. मास्क नाही म्हणून कोणी दारातून परत गेलं तर ते आयुष्यभर लक्षात राहतं.

वहीत नाव, फोन आणि बाकाचा क्रमांक लिहा. बाकाचा क्रमांक महत्त्वाचा, पुढे तोच उपयोगी पडतो. आम्ही नोंदी एकवीस दिवस ठेवून जाळल्या. लोकांना हे सांगा, म्हणजे नाव द्यायला ते कचरत नाहीत.

अर्पणाची थैली फिरवू नका, दाराशी पेटी ठेवा आणि क्यूआर कोड लावा. गाण्याची पुस्तकं आणि बायबल ज्याचं त्याने आणावं. दर पानावर फवारणी करण्यात अर्थ नाही, आमचा नोव्हेंबरचा निम्मा खर्च त्यातच वाया गेला.

चर्चच्या भिंतींबाहेर

उपासनेत सगळं नीट होतं आणि मग लोक चहाला थांबतात, तिथे मास्क उतरतात. साथ असेपर्यंत चहापान बंद. लग्नात जेवणाची पंगत हीच खरी जोखीम. २०२०मध्ये लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. लग्न पुढे ढकलता येतं, अंत्यविधी येत नाही. म्हणून अंत्यविधीचं नियोजन सगळ्यात आधी करा: कोण खांदा देणार, कोण फोनवरून ऐकवणार, घरच्यांना जेवण कोण दारात ठेवून येणार. नंतर, साथ ओसरल्यावर, नावं घेऊन एक स्मरण-उपासना ठेवा. आमच्या मंडळीत ती ऑक्टोबर २०२१मध्ये झाली आणि ती सगळ्यात लांबली. त्या दिवशी घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही, आवारात होतो.

नाताळसाठी २०२०चा अनुभव सांगते. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रात रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी होती, म्हणून शहरांतल्या चर्चनी मध्यरात्रीची मिस्सा (नाताळची उपासना) संध्याकाळी लवकर घेतली. घरोघर गीतं गात जाण्याची आमची फेरी आम्ही रद्द केली. तरुणांनी एका टेम्पोवर स्पीकर लावून, पोलिसांची परवानगी घेऊन, रेकॉर्ड केलेली गीतं गल्लीगल्लीत वाजवली. लोक दारात दिवे घेऊन उभे होते.

शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची शाळा) सगळ्यात शेवटी उघडा, आणि उघडाल तेव्हा झाडाखाली भरवा.

कोणी आजारी पडलं तर

पडणार, हे धरूनच चाला. एका माणसाकडे एक फोन नंबर ठेवा, तिथे आजारी पडलेल्याने किंवा घरच्यांनी कळवायचं. त्या दिवशीची वही काढा, त्याच उपासनेला आलेल्यांना फोन करा, जवळच्या बाकांवरच्यांना आधी. "त्या उपासनेला आलेल्या एकाला लागण झाली आहे, चौदा दिवस जपा, लक्षणं आली तर तपासून घ्या," एवढंच सांगा. नाव सांगू नका. आरोग्य विभागाने यादी मागितली तर द्या. व्यासपीठावरून कोणाचा उल्लेख करून प्रार्थना करायची असेल तर आधी त्या घराला विचारा. पहिल्या लाटेत एका कुटुंबाशी शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं होतं, कारण त्यांचं नाव आमच्याच एका प्रार्थनेतून बाहेर गेलं. त्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली.

ऑक्सिमीटर दोन-तीन घेऊन ठेवा, घरोघर फिरवता येतात. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला तर वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. लस उपलब्ध झाली की चर्चचा हॉल लसीकरणासाठी देऊ करा आणि ज्येष्ठांना ने-आण करण्यासाठी रिक्षाची सोय ठेवा. साठीच्या पुढच्यांना १ मार्च २०२१पासून लस मिळू लागली तेव्हा आमच्या कितीतरी आज्या केवळ सोबत नाही म्हणून घरी बसून होत्या.

जे अजून आलेले नाहीत

प्रत्यक्ष उपासना सुरू झाली की पहिला मोह होतो तो फोनवरची उपासना बंद करण्याचा. ती बंद करू नका. साध्या बटणाच्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून दहा-दहा ज्येष्ठांचे गट करा, इंटरनेट लागत नाही. छापलेली उपासना आणि शास्त्रपाठ शनिवारी त्यांच्या घरी पोहोचवा. महिन्यातून एकदा पाळकसाहेब आणि एक पंच अंगणात, उघड्यावर, मास्क लावून त्यांच्यासाठी प्रभुभोजन घेऊन जातील असं वेळापत्रक बांधा. एका दिवशी चार घरांपेक्षा जास्त नको, म्हणजे घाई होत नाही.

आणि सुरुवातीला केलेली ती यादी फाडू नका. दर पंचबैठकीत ती वाचा, कोण परत आलं त्याच्यापुढे तारीख टाका, कोण गेलं त्याच्यापुढेही. आमच्या यादीतलं शेवटचं नाव दम्याच्या त्रासामुळे घरी असलेल्या त्या आजोबांचं होतं. लसीचे दोन्ही डोस झाल्यावर, फेब्रुवारी २०२२मध्ये, ते काठी टेकत आले आणि बाजूच्या दाराजवळच्या बाकावर बसले. ती जागा आम्ही वारा पाहून त्यांच्यासाठी ठेवली होती.